१४९२ (कोलंबसाचं नव्हे)

मंडळी, इतिहासाच्या मास्तरासमोर १४९२ हा आकडा टाकला की त्याच्या तोंडून आपोआप 'कोलंबस' बाहेर पडतो. तीस-बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला सन तो. पण आज ज्या १४९२ विषयी लिहायचं आहे तो सन नाही, बाइट्स आहेत. २००५ नंतर ज्यांनी ज्यांनी टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड घेतलं, त्यांच्या मोडेमच्या पोटात हा आकडा गुपचूप बसलेला होता. बिचाऱ्याने कधी कोणाला त्रास दिला नाही, कारण बहुतेक ठिकाणी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जात होतं. जिथे ऐकून घेतलं गेलं नाही, तिथे काय झालं ते आमच्या घरातल्यांनी २००९ च्या पावसाळ्यात पाहिलं. ते पुढे येईलच. आधी इतिहास. सवय आहे, काय करणार!

संगणकवाले ज्याला 'फ्रॅगमेंटेशन' म्हणतात, ते आपल्याला समजायला फार कष्ट नकोत. माझ्या पिढीतल्या रत्नागिरीकरांनी ते बंदरावर पाहिलेलं आहे. मुंबईची आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि मग पडाव सुटत. एका मोठ्या बोटीतली माणसं, ट्रंका, वळकट्या, पोती असं सगळं चार-सहा पडावांत वाटून किनाऱ्याला यायचं. घरातली माणसंसुद्धा एकाच पडावात येतील याचा नेम नसे. आई आणि धाकटी एकात, वडील आणि ट्रंक दुसऱ्यात. किनाऱ्यावर उतरल्यावर आधी डोकी मोजायची. सहा जणांतले पाच आले आणि एक मागच्या पडावात राहिला, तर पाचही जण वाळूत ताटकळत उभे. सगळे जमले की मग घरी. मोठं ते लहान वाटेवर चालत नाही म्हणून त्याचे तुकडे करायचे, आणि ते जोडायचे मात्र अगदी शेवटच्या मुक्कामाला, हे एवढंच त्या जड शब्दात आहे.

आता मुळात निरोपाचे तुकडे करण्याची कल्पना कोणाची? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रँड या संस्थेत पॉल बॅरन नावाचे गृहस्थ अणुयुद्ध झालं तरी टिकेल अशा दळणवळणाचा विचार करत होते. तार एकच असेल तर ती तुटली की संपलं. त्याऐवजी कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं करावं, निरोपाचे लहान ठोकळे करावेत आणि प्रत्येक ठोकळ्याने मिळेल त्या वाटेने जावं, अशी त्यांची मांडणी. १९६४ साली ती खंडांमध्ये छापून आली. त्याच सुमारास इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस हे वेगळ्या कारणाने त्याच ठिकाणी पोचले होते. त्यांची अडचण युद्धाची नव्हती, रांगेची होती. एकाचा लांबलचक निरोप तार अडवून बसला की मागच्या दहा जणांचे दोन-दोन ओळींचे निरोप खोळंबतात. (एस.टी.च्या खिडकीवर एकाने अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढायला घ्यावीत तसं.) म्हणून सगळ्यांनाच सारखे लहान लहान गठ्ठे करायला लावायचे. त्या गठ्ठ्याला त्यांनी 'पॅकेट' हे नाव दिलं. म्हणतात की दुसऱ्या भाषांतही सहज रुळेल असा शब्द हवा म्हणून त्यांनी भाषेच्या जाणकाराचा सल्ला घेतला होता. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला ही गोष्ट फार आवडते. आणि शब्द रुळलाच की! आपल्याकडे तर तो 'पाकीट' होऊन आधीच खिशात येऊन बसला होता.

२९ ऑक्टोबर १९६९ ला अमेरिकेत अर्पानेटवरून पहिला निरोप गेला. 'लॉगिन' लिहायचं होतं. दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. म्हणजे जगातला पहिला निरोपच तुकड्याच्या रूपात पोचला म्हणायचा.

पुढची पाच वर्षं एक नवीनच भानगड झाली. एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने जाळी विणली. कोणी तारेवर, कोणी रेडिओवर, कोणी उपग्रहावर. प्रत्येकाचं पॅकेटचं माप वेगळं. मिरजेला जसे एके काळी तिन्ही रुळ होते, रुंद, मीटर आणि अरुंद, आणि गाडी बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, तसं. १९७४ च्या मे महिन्यात व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी ही जाळी एकमेकांना जोडायची कशी यावर एक निबंध लिहिला. आजच्या इंटरनेटचं जोतं त्याच निबंधात आहे. त्यात त्यांनी सांगितलं की सगळ्यांना एकच माप सक्तीने लावायला जाऊ नका, ते कोणी ऐकणार नाही. दोन जाळ्यांच्या सीमेवर एक नाका असू दे. पुढची वाट लहान असेल तर नाक्याने पॅकेट तोडून पुढे सोडावं. जोडण्याचं काम मात्र नाक्याने करू नये, ते शेवटच्या संगणकाने करावं, कारण सगळे तुकडे एकाच वाटेने येतील असं नाही.

१९८१ च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला 'आरएफसी ७९१' प्रसिद्ध झाला आणि हे नियम पक्के झाले. प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर निदान २० बाइटांची पट्टी. तिच्यात कोणाकडून, कोणाला हे तर असतंच, पण तुकड्यांसाठी तीन खास जागा आहेत. एक ओळख क्रमांक, म्हणजे कुठल्या कुटुंबातला हे कळावं. दुसरी, हा तुकडा मूळ पॅकेटात कितव्या जागेवर बसतो ते. (ही जागा आठ-आठ बाइटांच्या पायऱ्यांनी मोजतात.) तिसरी, दोन छोट्या खुणा : 'अजून तुकडे मागून येत आहेत' आणि 'मला तोडू नये'. ही शेवटची खूण लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण तिच्यावरून आहे. एकूण पॅकेट ६५,५३५ बाइटांपर्यंत चालेल, आणि निदान ५७६ बाइटांचं तरी प्रत्येक संगणकाने स्वीकारलंच पाहिजे, असंही त्यात लिहिलं. तिकडे इथरनेट नावाच्या, कार्यालयांतून पसरत चाललेल्या तारेने स्वतःचं माप १५०० ठरवून टाकलं होतं. हळूहळू ते १५०० जगाचं माप झालं. आज तुमच्या माझ्या घरातही तेच आहे.

आपल्याकडे या सगळ्याची चाहूल १९८६ मध्ये लागली. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 'अर्नेट' सुरू केलं. दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर, मद्रास या पाच आय.आय.टी., बंगळूरची विज्ञान संस्था, स्वतः तो विभाग आणि आपल्या मुंबईत जुहूला असलेलं 'एन.सी.एस.टी.', म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. तिथले डॉ. श्रीनिवासन रमणी यांचं नाव २०१४ साली इंटरनेटच्या जागतिक मानकऱ्यांच्या यादीत आलं. जुहू ते पवई हा मुंबईतल्या मुंबईतला टेलिफोन फिरवून झालेला विरोपांचा व्यवहार हा भारतातल्या महाजालाच्या पहिल्या पावलांपैकी एक. त्या काळी लांबच्या जोडणीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट म्हणजे चैन. हिशेब करून बघा : १५०० बाइटांचं एक पॅकेट त्या तारेवरून सरकायला सव्वा सेकंद! तेवढ्या वेळात मागचा कोणी एक अक्षर टाइप करून बसला असेल तर त्याने सव्वा सेकंद वाट पाहायची. डेव्हिससाहेबांची रांगेची तक्रार किती खरी होती बघा.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट उघडलं. मोडेमचं ते किर्र-घर्र गाणं ज्यांनी ऐकलं त्यांना सांगायला नको. त्या दिवसांत संगणकाची आवड असलेली मुलं विंडोजच्या पोटात शिरून हे माप १५०० वरून ५७६ करत बसायची, आणि वेग वाढला म्हणून सगळ्यांना सांगत सुटायची. कधी वाढायचा, कधी वाढल्यासारखा वाटायचा.

इकडे आपण इंटरनेटच्या दारात उभे होतो तोवर तिकडे तुकड्यांविषयीचं मत पार फिरलं होतं. १९८७ साली केंट आणि मोगल या दोघांनी एक निबंध लिहून तुकडे करणं घातक आहे असं सरळ शीर्षकातच सांगितलं. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. दहा तुकड्यांतला एक वाटेत हरवला तर उरलेले नऊ पोचून उपयोग शून्य, सगळं पॅकेट पहिल्यापासून पुन्हा पाठवायचं. शिवाय तोडण्यातही उधळपट्टी. १५०० चं पॅकेट १४९२ च्या वाटेवर तोडलं तर काय होतं? पहिला तुकडा भरगच्च १४९२ चा. दुसऱ्यात माल फक्त ८ बाइट, आणि त्याच्या डोक्यावर नावपत्त्याची पट्टी २० बाइटांची! आठ नारळांसाठी स्वतंत्र पडाव, वर तीन खलाशी.

मग उपाय काय? १९९० च्या नोव्हेंबरात मोगल आणि डीअरिंग यांनी तो सुचवला, आणि तो मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. पाठवणाऱ्याने प्रत्येक पॅकेटावर 'मला तोडू नये' ही खूण करायची आणि आपल्या घरच्या मापाने पाठवायचं. वाटेत जिथे लहान वाट लागेल तिथला नाका ते पॅकेट टाकून देईल. पण नुसतं टाकून द्यायचं नाही. उलट टपाली निरोप पाठवायचा : "बाबा रे, तुझं पॅकेट मोठं आहे. इथून पुढे एवढंच चालतं." आकड्यासकट. पाठवणारा तेवढं लहान करून पुन्हा पाठवेल. एकदा वाटेचं माप कळलं की तोडातोडीची गरजच नाही. हा उलट निरोप ज्या खात्याकडून जातो त्याचं नाव आयसीएमपी, आणि या निरोपाचा नंबर 'टाइप ३, कोड ४'. 'पिंग' नावाची जी आज्ञा सगळे वापरतात तीही याच खात्यातली. ती माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिली.

टपालखात्यातही हेच आहे. पत्ता अपुरा असला तर पत्र शिक्का मारून परत येतं. परत आलेल्या पत्राचं दुःख होतं, पण निदान कळतं तरी. पत्र पोचलंही नाही आणि परतही आलं नाही, हे सगळ्यात वाईट.

नेमकं तेच पुढे झालं, आणि ते कोणी दुष्टपणाने केलं नाही. भीतीने केलं. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला किडा (वर्म) इंटरनेटभर पसरला आणि एकमेकांवर भरवसा ठेवणाऱ्यांचा तो गाव एका रात्रीत बदलला. जो तो आपल्या आवाराला गडगा घालू लागला. हीच फायरवॉल. येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट बघायचं, कुठल्या खिडकीवर जाणार ते विचारायचं, आणि मगच सोडायचं.

आता इथे तुकडे पुन्हा आडवे आले. कुठल्या खिडकीवर जायचं तो आकडा (त्याला 'पोर्ट' म्हणतात) फक्त पहिल्या तुकड्यात असतो. जकात नाक्यावर पाच बैलगाड्या याव्यात, पावती पहिल्या गाडीवाल्याकडे असावी आणि मागच्या चौघांनी "आमचं पुढच्याकडे आहे" म्हणावं, तसं. नाकेदाराने काय करायचं? पुढची सोडली म्हणून मागच्या सोडल्या, तर कोणी चोर त्यातच घुसणार. आणि घुसलेच. पहिला तुकडा इतका बारीक करायचा की महत्त्वाची माहिती दुसऱ्यात ढकलली जाईल. किंवा दोन तुकडे एकमेकांवर चढतील असे पाठवायचे, म्हणजे नाक्यावर एक दिसेल आणि आत जोडल्यावर दुसरंच निघेल. या युक्त्यांचं वर्णन १९९५ च्या ऑक्टोबरातल्या 'आरएफसी १८५८' मध्ये सावधगिरीच्या सूचना म्हणून आलं. १९९६ च्या अखेरीस 'पिंग ऑफ डेथ' गाजलं : तुकडे असे पाठवायचे की जोडल्यावर ते ६५,५३५ च्या पलीकडे जातील, आणि जोडणारा संगणक कोसळेल. १९९७ ला 'टिअरड्रॉप'. त्यातही चढवलेले तुकडेच.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की फायरवॉल सांभाळणाऱ्यांनी तुकड्यांकडे आणि आयसीएमपी खात्याकडे, दोघांकडेही संशयाने बघायला सुरुवात केली. पिंगमधून हल्ला येतो ना? मग ते सगळं खातंच बंद! त्या खात्यातून 'माप लहान करा' हा निरोपही जातो, हे त्यांच्यातल्या अनेकांच्या गावीही नव्हतं. चोराच्या भीतीने पोस्टमनलाच आत येऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर चोर येईल न येईल, पत्र मात्र नक्की येणार नाही. २००० च्या सप्टेंबरातल्या 'आरएफसी २९२३' मध्ये या रोगाची लक्षणं नीट लिहिलेली आहेत, आणि त्याला नावही आहे : 'ब्लॅक होल', कृष्णविवर. पॅकेट आत जातं, बाहेर काहीच येत नाही, निरोपसुद्धा नाही.

तरीही सगळीकडे १५०० च असतं तर हे कृष्णविवर कोणाला दिसलं नसतं. ते दिसलं ब्रॉडबँड आल्यावर. १९९९ च्या फेब्रुवारीत 'पीपीपीओई' नावाची पद्धत जाहीर झाली. टेलिफोनच्या तारेवर ग्राहकाचं नाव आणि परवलीचा शब्द तपासून त्याला आत घ्यायचं, यासाठी. ही पद्धत प्रत्येक पॅकेटाला आणखी एका वेष्टनात घालते आणि त्या वेष्टनाचं वजन ८ बाइट. बाहेरचं माप तेच १५००. म्हणजे आतल्या मालाला उरले १४९२. (आला एकदाचा!)

हे समजायला आपली कोकण रेल्वे फार उपयोगी आहे. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा 'रो-रो' गाडी सुरू झाली, भरलेले ट्रक आहेत तसे वाघिणीवर चढवून न्यायचे. रस्त्यावर जो ट्रक सहज जातो, तोच वाघिणीवर चढला की वाघिणीएवढा उंच होतो. बोगदा काही उंच होत नाही. म्हणून चढवण्याआधी ट्रकची उंची मापाखालून बघून घ्यावी लागते. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्यात शिरल्यावर "अरेच्चा, ताडपत्री लागते आहे" म्हणून चालणार नाही. वेष्टन घातलं की आतल्याला तेवढं लहान व्हावं लागतं. गाडीत गाडी, पॅकेटात पॅकेट.

१४ जानेवारी २००५ ला बीएसएनएलने 'डेटावन' सुरू केलं. २५६ केबीपीएस आणि वर रात्री दोन ते सकाळी आठ फुकट, म्हणून घराघरांतली मुलं दोनचा गजर लावून उठत होती. ही जोडणी पीपीपीओईचीच. बहुतेकांचं उत्तम चाललं, कारण मोडेम शहाणे होते. जोडणीच्या सुरुवातीलाच दोन्ही बाजू एकमेकांना आपलं माप सांगतात, तेव्हा मोडेम मधल्या मध्ये १४६० चा आकडा पुसून १४५२ करून टाकायचा. (पट्ट्यांचे ४० बाइट वजा केले की १५०० चे १४६० होतात आणि १४९२ चे १४५२.) हे काम करायचं की नाही हे मात्र ज्याच्या त्याच्या यंत्रावर आणि ते बसवणाऱ्यावर.

आता २००९ ची गोष्ट. नातेवाईक मंडळींना माहीत आहे, इतरांसाठी लिहितो. जुलैतल्या एका रात्री आमचे दादा (माझे चुलतभाऊ) मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार. रत्नागिरीतल्या एका तपासणी केंद्रात सी.टी. काढला. इथल्या डॉक्टरांना शंका होती, पण मेंदूचे शल्यविशारद कोल्हापूरला. त्यांनी चित्रं बघून सांगायचं की इथेच ठेवा की ताबडतोब घेऊन या. आंबा घाटातून, जुलैच्या पावसात, अशा रोग्याला हलवायचं म्हणजे तोही जुगारच, म्हणून चित्रं आधी पाठवायची ठरली. केंद्राकडे त्यासाठी ब्रॉडबँड होतं आणि याआधी त्यांनी बऱ्याच वेळा चित्रं पाठवलीही होती.

त्या रात्री चित्रं जाईनात. गंमत म्हणजे बाकी सगळं चालू होतं. साइटी उघडत होत्या. कोल्हापूरचा "वाट बघतोय" हा विरोप आला. इकडून "पाठवतो" हा दोन शब्दांचा विरोप गेलासुद्धा. चित्र जोडलं की मात्र पट्टी थोडी पुढे सरके आणि तिथेच गोठे. पुन्हा पाठव, पुन्हा गोठे. तिथला मुलगा घाम पुसत होता. फायरवॉल आठवड्यापूर्वीच बसवली होती, म्हणून ज्यांनी बसवली त्यांना फोन लावला. त्यांनी पिंग करून बघायला सांगितलं. पिंग होत होतं. "मग आमच्याकडून सगळं ठीक आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. वहिनी बाकावर बसून होत्या, मधून मधून फक्त "गेलं का हो, भाऊजी?" एवढंच विचारत होत्या. रात्री अकराला सुरू झालेलं हे तीनपर्यंत चाललं. शेवटी कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, आता चित्र राहू दे, पेशंटलाच आणा. साडेतीनला गाडी निघाली. दादा वाचले. शस्त्रक्रिया झाली. बोलणं अजून जड आहे आणि उजव्या हाताने सही जमत नाही. चार तास आधी निघालो असतो तर काय, हे मी तिथल्या डॉक्टरांना एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा विषय काढला.

माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा पुण्यात नेटवर्कचं काम करत असे. गणपतीत गावाला आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "सर, लहान जातं आणि मोठं अडतं ना? मला तिथे घेऊन चला." केंद्रवाल्यांनी बिचाऱ्यांनी लगेच बसू दिलं. (महिनाभर ते चित्रं सी.डी.वर घालून माणसाबरोबर पाठवत होते.) त्याने काळ्या खिडकीत पिंगचीच आज्ञा दिली, पण 'तोडू नये' ही खूण करून आणि आकार ठरवून. १४७२ दिलं. म्हणजे पट्ट्यांचे २८ धरून बरोबर १५००. उत्तर नाही. तो मला म्हणाला, "सर, इथे 'मोठं आहे, तोडावं लागेल' असं यायला हवं होतं. तेच येत नाहीये." मग एकेक उतरत गेला. १४६५ ला शांतता. १४६४ ला खणखणीत उत्तर. १४६४ अधिक २८, चौदाशे ब्याण्णव.

त्या नव्या फायरवॉलमध्ये कोणीतरी पिंग तेवढं चालू ठेवून आयसीएमपीचं बाकी सगळं बंद केलं होतं. आतला संगणक १५०० चं पॅकेट 'तोडू नये' म्हणून पाठवायचा. फायरवॉल ते जाऊ द्यायची. पलीकडचा राऊटर त्याला १४९२ च्या वाटेवर घालू शकत नसे, म्हणून नियमाप्रमाणे टाकून द्यायचा आणि नियमाप्रमाणे उलट निरोपही पाठवायचा. तो निरोप परतताना फायरवॉल गिळायची. आतल्या संगणकाला काहीच न कळल्याने तो तेच पॅकेट, त्याच मापाचं, पुन्हा पाठवायचा. आणि मोडेमजवळचं ते १४५२ करण्याचं शहाणपण नव्या मांडणीत कोणी चालू केलेलंच नव्हतं. दोन शब्दांचा विरोप शे-दोनशे बाइटांचा, तो बिनबोभाट जाई. सी.टी.चं एक चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचं, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे ५,२४,२८८ बाइट. त्याची ३६० पॅकेटं होतात आणि शेवटचं सोडलं तर सगळी भरगच्च. म्हणून पहिलीच अडायची.

दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. टाइप ३, कोड ४ ला परतीची वाट मोकळी करून दिली आणि १४५२ ची ओळ घातली. चित्र गेलं. मी घरी येऊन कागदावर हिशेब केला. १४५२ च्या मापाने त्याच चित्राची ३६२ पॅकेटं होतात. दोन जास्त.

मला राग अडवण्याचा नाही. गडगा हवाच, आणि ज्याला घ्यायचं नाही त्याला घेऊ नये. पण नाकारल्याचं सांगितलंच नाही तर पलीकडचा माणूस रात्रभर तेच दार वाजवत राहतो. शाळेत प्रवेश नाकारतानासुद्धा आम्ही पालकांना कारण सांगत होतो. त्यांना दुसरी शाळा बघता यावी म्हणून. "पिंग होतंय, म्हणजे ठीक आहे" हे वाक्यही मला खटकतं. नाडी लागते म्हणजे माणूस बरा आहे असं कुठला डॉक्टर म्हणेल?

पुढे सुधारणा झाल्या. २००७ सालच्या 'आरएफसी ४८२१' ने सांगितलं की उलट निरोपावर विसंबूच नका. लहान मापाने सुरुवात करा, चाचपत वाढवा आणि जिथे उत्तर थांबेल तिथे समजून घ्या. आमच्या विद्यार्थ्याने काळ्या खिडकीत हाताने केलं तेच संगणकाने आपण होऊन करायचं. आयपीची नवी आवृत्ती (सहावी) तर त्याहून कडक. तिच्यात वाटेवरच्या नाक्यांना पॅकेट तोडण्याची परवानगीच नाही, आणि १२८० ची वाट प्रत्येकाने ठेवलीच पाहिजे. जिओ आल्यापासून, म्हणजे २०१६ नंतर, या आवृत्तीच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. गूगलच्या मंडळींनी सुरू केलेली आणि २०२१ मध्ये प्रमाण झालेली 'क्विक' नावाची पद्धतही १२०० पासून सुरुवात करते आणि तुकडे होऊच देत नाही. चाळीस वर्षांनी सगळे पुन्हा लहान गठ्ठ्यांवर आले. पण जुन्या सवयीच्या फायरवॉली आजही आहेत, आणि तांब्याची तार जाऊन फायबर आली तरी बऱ्याच ठिकाणी पीपीपीओई तेच आहे, १४९२ तेच आहे.

असो. ज्यांच्या ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत 'लहान जातं, मोठं अडतं' असं होत असेल त्यांनी एवढं करा. विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंग लिहा, पुढे वजा-एफ, वजा-एल, आकडा १४७२ आणि शेवटी बाहेरचा कुठलाही पत्ता. 'तोडावं लागेल' असं उत्तर आलं तर काळजी नको, निरोप पोचतो आहे. काहीच आलं नाही तर एकेक उतरत जा. १४६४ ला उत्तर आणि १४६५ ला नुसती शांतता असेल, तर ज्याने फायरवॉल बसवली त्याला बोलवा आणि 'टाइप ३, कोड ४' हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. पिंग होतंय असं तो म्हणाला तरी सोडू नका.